बुधवारचा उपास

१२ ऑगस्ट २००२, सोमवार
श्रावणातला पहिला सोमवार आणि मला कॅज्युअल्टी. साबुदाण्यावर दिवस काढला. चक्कर येऊन आलेल्या पेशंटला धरता धरता मलाच चक्कर यायची.

नव्या डॉक्टर रुजू झाल्या. डॉ. निंबाळकर, साताऱ्याकडच्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, बोलणं तोफखाना. आल्या आल्या ड्रेसिंगच्या टेबलावर एक कागद ठेवला. म्हाताऱ्या पेशंटला एकटं गाठून सहा प्रश्न विचारायचे. घरात कोणी मारतं का, ओरडतं का, उपाशी ठेवतं का, असं.

म्हटलं, मॅडम, हे कॅज्युअल्टीत कशाला? इथे लोक पडून येतात.

"तेच म्हणते मी सिस्टर. म्हातारी माणसं पडून येतात. सगळी खरंच पडलेली असतात का?"

आधी रागच आला. काल आलेल्या पोरीनं मला शिकवावं! पण मांडवीपर्यंत चालत घरी येताना डोक्यात तेच. कोण कोण पडून आलं होतं ते एकेक आठवायला लागलं. एक आजोबा तर दर पंधरवड्याला न्हाणीत पडायचे. मी त्यांना दर वेळी न्हाणी घासून घ्या सांगायचे.

२० ऑगस्ट, मंगळवार
कागदाचा शुभारंभ. फजिती.

नेवऱ्याचे आजोबा, ट्रॅक्स गाडी भरून माणसं बरोबर. मुलगा, सून, पुतण्या, शेजारी, गाडीवाला आणि कोण ते कळलंच नाही असा एक. विचारलं, "आजोबा, घरात कोणी त्रास देतं का?" सगळ्यांनी एका सुरात, "छे छे!" आजोबांनी तोंड उघडलं ते फक्त तंबाखू मागायला.

मग एक आजी. त्यांची लेक पाणी आणायला गेली तेवढ्यात विचारून घेतलं. म्हणाल्या, "त्रास? मला कोन त्रास देनार? मीच त्रास. सगळ्यांना माजाच त्रास."

संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी हेच उत्तर दिलं. डॉ. नि. विचारतात, हे 'हो' मध्ये लिहायचं की 'नाही' मध्ये? मला काय विचारता, कागद तुमचा.

२५ ऑगस्ट, रविवार
सुट्टी. दुपारी सासूबाई, म्हणजे आमच्या सा.बा., ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. म्हटलं, आई, सहा प्रश्न विचारते, खरं सांगायचं.

"परीक्षा कसली माझी?"

कोणी ओरडतं का? "तू. टीव्ही मोठा केला की."

जेवण वेळेवर मिळतं? "मिळतं. श्रावणात त्याला जेवण म्हणायचं तर."

तुमची वस्तू कोणी न विचारता घेतं? "तुझा नवरा. माझी शेकायची पिशवी." हे आतून ओरडले, "आई, पाठ माझी पण दुखते!"

कोणाची भीती वाटते का? हा मी हसतच विचारला. त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "आज नाय वाटत गो. डोकं ठिकाणावर आहे तोवर मी भांडेन तुझ्याशी. ते गेलं की तुम्ही मला कसं वागवता ते मला सांगता पण यायचं नाय."

आई, काहीतरीच बोलता, म्हटलं. ह्या घरात आले तेव्हा मला साधं कालवण यायचं नाही, ते ह्यांनी शिकवलं, एकदाही माहेर न काढता. संध्याकाळी टीव्ही हवा तेवढा मोठा करू दिला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

१४ सप्टेंबर, शनिवार
गौरीचा दिवस आणि ड्यूटी. घरून मोदकांचा डबा आला, डॉ. नि. नी चार खाल्ले. साताऱ्याला असे पांढरेशुभ्र होत नाहीत म्हणाल्या. मनातून खूश झाले.

आज एक शोध लागला. प्रश्न विचारायचे तर नातेवाईक हलायला हवेत, आणि आमचे लोक पेशंटला एकटं सोडत नाहीत. केसपेपर काढायला एक जातो, पाच उरतात. औषधाला एक जातो, चार. आज पोर्चमधल्या गणपतीची आरती सुरू झाली तशी एका आजींच्या सुनेला सहज म्हटलं, "जा, देवाला नमस्कार करून या पटकन, आजींसाठी." सून गेली, मुलगा गेला, मुलाचा मेव्हणा पण चप्पल काढून गेला! देवाला नको कोण म्हणणार? पडदा ओढला आणि आजींशी निवांत बोलले. त्यांचं सगळं ठीक होतं. मुलगा रोज पाय चेपतो म्हणून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

डॉ. नि. ना सांगितलं तर टाळीच दिली मला. गणपती गेल्यावर काय करायचं? पोर्चमध्ये तसबीर आहेच.

३ ऑक्टोबर, गुरुवार
आज नाक कापलं गेलं. एक आजोबा, पायाला जखम. जेवता कुठे? पडवीत. निजता कुठे? पडवीत. ताट? पडवीत आणून देतात. मला वाटलं सापडलं. म्हाताऱ्याला घराबाहेर काढलाय! डॉ. नि. नी मुलाला आत बोलावून चांगलं सुनावलं.

मुलगा हायस्कुलात शिक्षक. ऐकता ऐकता रडकुंडीला आला. "मॅडम, आत पंखा आहे, पलंग आहे. बाबांना पडवीच लागते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही."

आजोबा पडल्या पडल्या, "होय, आत काय भिंती बघत बसू?"

हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब भले आहेत, आवाज चढवला नाही. "चांगलं काम आहे, पण लोकांची अब्रू सांभाळा." मी ठरवलं, आता जपून. कोणाच्या घरातल्या रीतीभातीत नाक खुपसायचं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
नवरात्रात गर्दी नसते म्हणतात, ते खोटं.

द्रौपदी आजी, भाट्याच्या पुढच्या गावातल्या. अंगणात चक्कर येऊन पडल्या, कोपर सोललेलं. रक्तातली साखर फार खाली. बरोबर सून, सुगंधा. काजू फॅक्टरीत जाते, काजूच्या चिकानं बोटं काळी पडलीयेत. मुलगा लोट्याला कंपनीत. खोली घेऊन तिथेच राहतो, सुट्टीला येतो.

सुगंधाला नमस्काराला धाडलं. आजींना विचारलं, आज खाल्लंत काय?

"उपास हाय गो बाय."

ह्या वयात नवरात्राचे उपास! मी त्यांच्या पायाला हात लावला. त्या ओशाळून पाय ओढून घ्यायला लागल्या. साखरेचं पाणी दिलं, सलाईन लावलं. सुगंधा आली तर तिला म्हटलं, अगो, आजींना एवढं करू देऊ नका. ती म्हणाली, "ऐकत नाय कोनाचं." कागदावर सगळीकडे 'नाही'. संध्याकाळी घरी सोडलं.

सा.बा.ना सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, नाहीतर तू. अष्टमीला पण तुझी कुरकुर."

२७ नोव्हेंबर, बुधवार
द्रौपदी आजी परत. ह्या वेळी मागच्या दारी पडल्या. कपाळाला टेंगूळ, साखर तशीच खाली. शेजारीण घेऊन आली, सुगंधा मागाहून फॅक्टरीतून धावत आली.

सकाळपासून काही खाल्लंत?

"उपास हाय गो."

म्हटलं, आजी, पुरे आता, देव पण कंटाळेल. त्या हसल्या, मीही हसले. कागदावर परत सगळं 'नाही'. डॉ. नि. नी ठेवून घेतलं.

घरी आले तर ह्यांनी जेटीवरून ताजे बांगडे आणलेले. सा.बा.नी तळले होते, वास पार रस्त्यापर्यंत. पान वाढलं, पहिला घास तोंडात घातला आणि तसाच राहिला.

आज बुधवार.

सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार कोणाचाच नाही. बुधवारी अख्ख्या रत्नागिरीत मासे शिजतात. तरी सा.बा.ना विचारलं, आई, आज एकादशी, चतुर्थी काही आहे काय?

"असती तर तुला बांगडा वाढला असता काय?"

कोणी उपास म्हटलं की आपण पुढे विचारत नाही. बरं दिसत नाही ते. मारतं का, ओरडतं का, हे विचारायला जीभ सरावली, पण उपासाला हात लावायचं कोणाच्या मनातही आलं नाही. डॉ. नि. च्या पण नाही, त्या स्वतः गुरुवार धरतात. आणि मी तर पाया पडून मोकळी झाले. स्वतःचाच असा राग आला की सांगता येत नाही.

बांगडा संपवला मात्र. टाकवेना.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी लवकर गेले. सुगंधा आजींना चहा पाजत होती, बशीत ओतून, फुंकर घालून. मला कळेना काय समजायचं. तिला देवाकडे धाडलं. पडदा.

"आजी, काल बुधवार होता."

"होय गो."

"मग उपास कसला?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच, "कुलपाचा."

सून सकाळी फॅक्टरीत जाते ती रांधपाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप लावून. येते दिवस मावळताना. मधल्या वेळी आजी घरात, अंगणात, आणि पोटात काही नाही. आषाढात त्यांनी चहाला गॅस पेटवला आणि विसरल्या. फडकं पेटलं, वरचे वासे काळे झाले, शेजाऱ्यांनी पाणी मारलं म्हणून घर वाचलं. तेव्हापासून कुलूप.

"तिचं काय चुकलं? सांजेला पोटभर घालते, खोटं कशाला सांगू? माजं डोस्कं ऱ्हायलं नाय. पन भूक लागते गो."

शेवटचं असं बोलल्या की जणू काही चोरी कबूल करतायत. मी कॉटवरच बसले. नवरात्रात खरंच उपास होता का विचारलं. म्हणाल्या, "तेवा होता. थोडा देवाचा, थोडा हिचा."

शेजारीण विचारायची, जेवलीस काय. तिला पण उपासच सांगायच्या. सुनेचं नाव गावात खराब व्हायला नको म्हणून. माझा हात घट्ट धरला. "पोराला कळू देव नको. तो लय तापट. तिला मारील. मग ती माजं सांजचं तरी कशाला करील?"

डॉ. नि. ना सांगितलं तर त्या लालबुंद. "बाई उपाशी ठेवली जातेय. नोंद करायची, मुलाला बोलावून घ्यायचं."

म्हटलं, मुलाला बोलावलंत तर पुढच्या खेपेला सुगंधाला टाके घालायची तयारी ठेवा.

"मग सोडून द्यायचं?"

"सोडून कोण म्हणतंय? मला एक दिवस द्या."

"सिस्टर, तुम्ही त्या सुनेची बाजू घेताय."

घेतेय, म्हटलं. आजीच घेतायत, तर मी कोण? खूप बोललो एकमेकींना. शेवटी त्यांनी कागदावर 'हो' लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला, सही करा म्हणून. केली. एक दिवस मिळाला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सुगंधाला मागच्या जिन्यात घेऊन गेले, चादरी वाळत घालतात तिथे. सरळच विचारलं, कुलूप का?

आधी नाहीच म्हणाली. मग आजींनीच सांगितलं कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "काय बोलल्या?" म्हटलं, बोलल्या की तुझं काही चुकलं नाही. तशी ती खालच्या पायरीवर बसली.

"सिस्टर, घर जाळून घेव काय? पेज ठेवून जायची मी पडवीत, झाकून. कोंबड्या सांडतात. नायतर सासूबायच कोंबड्यांना घालतात आनी विसरतात. शेजारनीला किती दिवस सांगू? ती पन कामाची बाय." मग काळी बोटं बघत राहिली. "दुपारी फॅक्टरीत डबा उघडते नं, घास जात नाय मला. सगळ्या बायका बोलत असतात, मी आपली पोळी मोडत बसते. ते कोन इचारत नाय."

सा.बा. आठवल्या, आणि मी घरी नसताना त्यांच्याजवळ हे असतात, ह्यांची नोकरीची शाळा जवळ आहे, शेजार आहे, फोन आहे. माझं बरं चाललंय त्यात माझी थोरवी किती, आणि नशीब किती!

म्हटलं, कुलूप खोलीला कशाला लावतेस? जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढ आणि तो कुलपात ठेव. काडेपेटी पण. गॅस पेटणारच नाही. पेज-भाकरी आत राहू दे, दाराला नुसती कडी, कोंबड्या येणार नाहीत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. हे तिला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर बोलायला तोंड उघडलं तोवर मलाही सुचलं नव्हतं.

"सिस्टर, ह्यांना कळवाल काय?" ह्यांना म्हणजे नवऱ्याला.

आज नाही, म्हटलं. पण बुधवारी आजींच्या तोंडून उपास ऐकला तर बघ. बुधवारी कोणाच्या घरात उपास असतो गो?

ती ओठ मुडपून हसली की रडली, सांगता येत नाही. म्हणाली, "बघते."

आता आमच्याकडचं 'बघते' म्हणजे हो नाही आणि नाही पण नाही. दुपारी आजी घरी गेल्या. रिक्षात बसताना सुगंधानं त्यांचे पाय उचलून आत ठेवले.

८ डिसेंबर, रविवार
सा.बा.ची कधीपासूनची इच्छा, म्हणून गणपतीपुळ्याला. ह्यांनी मित्राची गाडी मागून घेतली. दर्शन झालं, वाळूत बसून पोहे खाल्ले. सा.बा.नी पाय पाण्यात घातले आणि लाट आली की लहान मुलीसारख्या ओरडत होत्या. हे त्यांना धरून उभे, स्वतःची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. फार बरं वाटलं मला. असा दिवस वर्षातून एकदा मिळाला तरी पुरे.

हे म्हणाले, देवाकडे काय मागितलंस एवढा वेळ? म्हटलं, एक रेग्युलेटर. ह्यांना वाटलं आपला बिघडलाय. घरी आल्यावर तपासत बसले.

१५ जानेवारी २००३, बुधवार
संक्रांत काल. डॉ. नि. ना तिळगूळ दिला. भांडण तेव्हाच मिटलेलं, पण तिळगुळानं शिक्का बसला.

त्यांनी कागद बदललाय. पहिला प्रश्न आता, 'काल दुपारी काय जेवलात?' मी सुचवला म्हणून सगळ्यांना सांगत सुटतात, मला लाज वाटते. पण प्रश्न चालतो. त्रास म्हटलं की जी माणसं मिटून जातात ती जेवण म्हटलं की सुटतात. कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी, लेकीनं पाठवलेलं सांदण, सुनेला भात मऊ करता येत नाही ही तक्रार. अख्ख्या तालुक्याचा स्वयंपाक मला पाठ व्हायला आला.

आज एक आजोबा म्हणाले, चहा-बिस्किट. परवा? चहा-बिस्किट. एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. मारणारं कोणी नाही, विचारणारंही कोणी नाही. डॉ. नि. नी त्यांच्या आळीतल्या एका बाईंकडून डब्याची सोय लावून दिली, मुलाला फोन केला. मुलगा फोनवर रडला म्हणे. बरं झालं.

द्रौपदी आजी आलेल्या नाहीत. आल्या नाहीत म्हणजे पडल्या नाहीत, असं धरून चालते. डॉ. नि. म्हणतात, किंवा आणलं नाही. कशाला बोलतात असं?

२ फेब्रुवारी, रविवार
राहवलं नाही. ह्यांना म्हटलं, भाट्याकडे फिरून येऊ स्कूटरवर. "फिरून, की तुझ्या पेशंटकडे?" ओळखतात मला.

निमित्त कोकमांचं केलं. सुगंधा अंगणात धुणं वाळत घालत होती, मला बघून जरा दचकली. आजी पडवीत बसलेल्या. मला ओळखलंच नाही आधी, मग "आगो, ही ती सुई टोचनारी!" म्हणून हसल्या. चहा झाला. गुळाचा, आलं घातलेला. पाणी प्यायच्या निमित्तानं आत डोकावले. रांधपाच्या दाराच्या कोयंड्याला कुलूप अडकवलेलं, पण उघडं.

उघडं असणारच. रविवार, सून घरात. येताना हा विचार केलाच नव्हता मी! ह्यांना स्कूटरवर सांगितलं तर एवढे हसले की स्कूटर थांबवावी लागली. मग म्हणाले, "एखाद्या कामाच्या दिवशी जा." ड्यूटी कोण करणार? आणि गेले तरी कोणत्या नात्यानं दार ढकलू?

सुगंधाला सरळ विचारता आलं असतं. तोंडावर आलं होतं. पण तिचा नवरा घरी होता, मागच्या दारी लाकडं फोडत. नुसतं एकमेकींकडे बघितलं. कोकमं चांगली निघाली.

१ मार्च, शनिवार
महाशिवरात्र. सकाळपासून देवळांकडे गर्दी, कॅज्युअल्टीत शुकशुकाट. जे आले ते सगळे उपाशी. स्टाफ पण. मावशींनी रताळी उकडून आणली होती.

अकराच्या सुमाराला द्रौपदी आजी! हाताला भाजलेलं. मी आधी सुगंधाकडेच बघितलं. ती म्हणाली, "न्हानीच्या चुलीवर. आंघोळीचं पानी उतरवायला गेल्या." न्हाणी घराबाहेर असते, चूल लाकडांची. म्हणजे ह्यावरून काही कळत नाही, ना चांगलं ना वाईट. जखम लहान. धुऊन मलम लावलं.

वजन केलं. नोव्हेंबरात होतं तेवढंच. वाढलं नाही, घटलंही नाही. साखर बघितली, खाली आहे. डॉ. नि. नी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, मॅडम, आज माझी बघा, माझीही खालीच असणार.

सुगंधाला पाठवावं लागलं नाही. शिवरात्र म्हणून स्वतःच म्हणाली, समोरच्या देवळात बेल वाहून येते. पडदा ओढला. आजींच्या जवळ बसले. इतके दिवस वाट बघितली होती ह्या पाच मिनिटांची.

"आजी, आज खाल्लंत काय?"

"उपास हाय गो."

"कसला?"

त्या माझ्याकडे बघून खुदकन हसल्या. "येडी की काय तू? आज सगळ्या गावाचा उपास आनी मला इचारतेस कसला?"

बरोबर आहे त्यांचं. मग विचारलं, काल दुपारी काय जेवलात? आजी आठवत राहिल्या. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. "काल... काल काय गो?" नाही आठवलं. "सांजेचं आठवतं. भाकरी आनी डाळ." दुपारचं खाल्लं नाही म्हणून आठवत नाही, की खाल्लेलंच विसरल्या, हे आता जगात फक्त एकाच माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस बेल वाहायला गेलंय. त्यांना रताळं दिलं. खाल्लं, सालासकट. पण उपासाच्या दिवशी रताळं कोण सोडतं? मी दोन खाल्ली.

सुगंधा आली. कपाळाला भस्म. ड्रेसिंगची पुढची तारीख द्यायची होती. डॉ. नि. म्हणाल्या, परवा, सोमवारी. म्हटलं, सोमवारी नको, मॅडम. त्यांना लगेच कळलं. कार्डावर मी बुधवार घातला.

सुगंधानं कार्ड हातात घेतलं. वाचलं. वार बघितला, मग मला बघितलं, नीट, डोळ्याला डोळा लावून.

"बुधवारी आमच्यात मासे असतात, सिस्टर. तुम्हाला डबा आनू?"

हे तिनं मायेनं म्हटलं की मला टोचून, अजून ठरत नाही. आण, म्हटलं.